सगळ्या एरर एकाच पोत्यात भरणाऱ्यांनो!

वेब सर्व्हरच्या कोडमध्ये प्रत्येक रूटला (एकेका यूआरएलच्या कोडला) ट्राय-कॅच (एरर पकडायची जाळी), कॅचमध्ये एक कन्सोल लॉग आणि वर स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक', लावून 'समथिंग वेंट राँग'. अरे, काय राँग? युजरने ईमेल चुकीचा टाकला, डेटाबेसचं कनेक्शन तुटलं की तुमच्याच कोडने अनडिफाइंडवर, म्हणजे नसलेल्या यादीवर, मॅप चालवला? तिन्हींना एकच उत्तर! फ्रंटएंडवाल्याने रिस्पॉन्सचं 'ओके' तपासलं तरी ते ट्रूच येणार, आणि इकडे सर्व्हर रडतोय तरी मॉनिटरिंगचा डॅशबोर्ड हिरवागार.

दुसरी जमात याच्या उलट: दिसेल त्याला ५००. फॉर्ममध्ये नाव रिकामं, ५००. तोच ईमेल दुसऱ्यांदा आला, ५००. पोस्टग्रेस डेटाबेस 'ही नोंद आधीच आहे' यासाठी २३५०५ असा स्पष्ट कोड देतं, तो बघून ४०९ (आधीच्या नोंदीशी टक्कर) पाठवायला किती ओळी लागतात? व्हॅलिडेशनला, म्हणजे चुकीच्या भरलेल्या माहितीला, ४०० किंवा ४२२ द्या. लॉगिनच नसेल तर ४०१, लॉगिन आहे पण परवानगी नाही तर ४०३. ५०० म्हणजे 'चूक आमची'. ते बघून क्लायंट तीच रिक्वेस्ट पुन्हा पुन्हा मारतो, आणि कुणाच्या तरी रिकाम्या नावापायी ऑन-कॉलवाल्याचा (बिघाडासाठी ड्युटीवर असलेल्याचा) फोन रात्री वाजतो.

आता एक्सप्रेसवाल्यांकडे येऊ, म्हणजे नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतं ते) एक्सप्रेस या फ्रेमवर्कने सर्व्हर लिहिणाऱ्यांकडे. एरर हँडलरला चार पॅरामीटर लागतात: एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट (काम पुढच्या फंक्शनकडे सोपवणारा). लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं टूल) कुरकुरतो की नेक्स्ट वापरलेला नाही, म्हणून तुम्ही तो उडवता. झालं! एक्सप्रेस पॅरामीटर मोजूनच ओळखतं, त्यामुळे तीन उरले की ते साधं मिडलवेअर, रिक्वेस्टच्या वाटेवरचं एक फंक्शन. खरी एरर आली की त्याला कुणी विचारतही नाही. उलट न सापडलेली यूआरएल मात्र घरंगळत तिथे पोचते, तुमच्या 'रिस्पॉन्स'च्या जागी नेक्स्ट बसलेला असतो, त्यावर स्टेटस बोलावलं की टाइपएरर. म्हणजे साध्या ४०४ चा ५००! लिंटरला गप्प करायला एक कमेंट पुरते हो. आणि ४०४ चं मिडलवेअर सगळ्या रूट्सनंतर, एरर हँडलर त्याच्याही खाली. वर ठेवलात तर खालच्या रूट्सच्या एरर त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत.

एक्सप्रेस ४ मध्ये असिंक (काम नंतर पूर्ण होणाऱ्या) हँडलरमधून फेकलेली एरर आपोआप पुढे जात नाही, नेक्स्टला हातानेच द्यावी लागते. नाही दिली तर नोड १५ पासून अख्खी प्रोसेस आडवी होते. एक्सप्रेस ५ ने हे दुरुस्त केलं, पण सेटटाइमआउटच्या कॉलबॅकमध्ये थ्रो केलं तर तिथेही कुणी झेलत नाही.

मोठी सीएसव्ही स्ट्रीम करताना मध्येच फाटलं तर? हेडर, म्हणजे स्टेटससकट उत्तराची सुरुवात, निघून गेलेत, आता एररचा जेसन कसला पाठवता? हेडर्ससेंट तपासा आणि एरर नेक्स्टला द्या, एक्सप्रेसचा डिफॉल्ट हँडलर कनेक्शन तोडतो. अर्धी फाइल पूर्ण म्हणून गळ्यात पडण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं.

आणि थ्रो करताना नुसती स्ट्रिंग फेकणारे तर वेगळेच महाभाग. स्ट्रिंगला ना मेसेज, ना स्टॅक (एरर कुठून आली त्याचा माग). हँडलर इमानदारीत एररचा मेसेज छापतो, लॉगमध्ये येतं 'अनडिफाइंड'. घ्या, शोधा आता कुठल्या फाइलमधून आलं ते!