इएफ 60 म्हणजे हार्ट 40 टक्के बंद? अहो नाही!

परवा एक काका इकोला (हृदयाच्या सोनोग्राफीला) आले, कुशीवर झोपायच्या आधीच मोबाईल पुढे केला. तोच फॉरवर्ड: "2डी इकोत इएफ 60 म्हणजे 40 टक्के ब्लॉकेज, 80 च्या वर असेल तर अटॅक येणारच नाही."

पहिलं म्हणजे हे परीक्षेचे मार्क नाहीत हो. इएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर जातं ते. डाव्या खालच्या कप्प्यात समजा 120 मिली रक्त भरलं, ठोक्याला 70 बाहेर गेलं, 50 आतच राहिलं, तर इएफ झाला 58. कप्पा पूर्ण रिकामा कधी होतच नाही. पुरुषांत 52 ते 72, बायकांत 54 ते 74 नॉर्मल धरतात. काकांचा 61 आला तर म्हणाले, मग 39 कुठे गेले? म्हटलं आतच आहेत, पुढच्या ठोक्याला बघू.

आणि हा आकडा मशीन आपोआप ओकत नाही, बऱ्याचदा स्क्रीनवर कप्प्याची आतली कड आम्हीच आखतो, एकदा फुगलेला असताना, एकदा आवळलेला असताना, त्यामुळे मागे 62 होता आता 58 म्हणून रात्रभर जागू नका.

ब्लॉकेजचं तर काही विचारूच नका. साध्या इकोत स्नायू हलताना दिसतो, त्याला रक्त पुरवणाऱ्या नळीतला अडथळा नाही. नळी बरीच अरुंद असूनही आरामात झोपलेल्या माणसाचा इको नॉर्मल येऊ शकतो, त्यामुळे चालताना छातीत भरून येत असेल तर इएफ 65 असला तरी डॉक्टरकडे जा.

80 वाल्यांनी तर अजिबात खुश होऊ नये. मायट्रल व्हॉल्व्ह (डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप) जोरात लीक असेल तर थोडं रक्त मागे वरच्या कप्प्यात जातं आणि इएफ उगाच छान दिसतो. बीपी-शुगरवाल्यांचा स्नायू कडक झाला की इएफ 50 च्या वर असूनही जिना चढताना दम लागतो, तेही हार्ट फेल्युअरच.

म्हणून आता स्ट्रेन बघतात. सोनोग्राफीत स्नायूवर जे बारीक ठिपके दिसतात त्यांचा सॉफ्टवेअर फ्रेमगणिक पाठलाग करतं आणि स्नायू लांबीत किती आखडला ते सांगतं, साधारण -20 च्या आसपास. मायनस बघून घाबरू नका, तो आखडल्याचा मायनस आहे. डॉक्सोरुबिसिनसारखी, हृदयाच्या स्नायूला त्रास देऊ शकणारी कॅन्सरची किमो चालू असताना कधी कधी इएफ जागच्या जागी असतो आणि स्ट्रेन -20 वरून -16 वर आलेला असतो, म्हणजे स्नायू आधीपेक्षा कमी आखडतोय, ते आधी कळलेलं बरं ना! फक्त दरवेळी शक्यतो त्याच कंपनीच्या मशीनवर करा, एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळेलच असं नाही.