तान्ह्याच्या पाठीतली भूल: चौपट डोस खरा, भीती खोटी

हर्नियाच्या ऑपरेशनआधी बाळाच्या नातेवाइकांत एक मेसेज हमखास फिरतो: ‘तान्ह्याच्या पाठीत भूल देऊ देऊ नका. सुई मज्जारज्जूला लागते, वजनाच्या मानाने मोठ्यांच्या चौपट औषध टोचतात, बाळ जागं असतानाच कापतात. पूर्ण भूलच मागा.’

मज्जारज्जू मोठ्यांत कमरेच्या पहिल्या मणक्याशी संपतो, नवजातात तिसऱ्याशी. म्हणून सुई चौथ्या-पाचव्याच्या मधे घालतात, तीही जेमतेम एक-दीड सेंटिमीटर. मोठ्यांच्या सवयीने वरची फट धरली, तर मात्र धोका खरा.

चौपटीचा आकडा बरोबर आहे. ६० किलोच्या माणसाला १५ मिलिग्रॅम बुपिव्हकेन (बधिर करणारं औषध), म्हणजे किलोमागे पाव मिलिग्रॅम. ३ किलोच्या बाळाला ३, म्हणजे किलोमागे १. पण मज्जारज्जूभोवतीचं पाणी मोठ्यांत किलोमागे सुमारे २ मिली, तान्ह्यात ४, आणि त्यातलं निम्मं कण्यातच. तेवढ्या पाण्यात औषध पातळ होतं. इतकं देऊनही असर तास-दीड तासात उतरतो, आणि बीपी मोठ्यांसारखं सहसा कोसळत नाही. हे ३ मिलिग्रॅम म्हणजे ०.५ टक्क्याचं ०.६ मिली. सुईच्या बुडात ०.१ मिली अडकलं तरी सहावा हिस्सा गेला. म्हणून १ मिलीची सिरिंज, आणि अडकणारं औषध आधीच हिशोबात धरायचं.

मेसेजात नसलेला धोका वेगळाच आहे. औषध दिल्यावर कॉटरीची (विजेने रक्तस्राव थांबवणाऱ्या यंत्राची) प्लेट पाठीखाली सरकवायला कुणीतरी पाय उचलतं, औषध छातीकडे चढतं आणि श्वास थांबतो. उचलायचंच तर अख्खं बाळ आडवं, सपाट उचलावं.

बाळ जागं असतं, पण कमरेखाली बधिर. खालून संवेदना येईनाशा झाल्या की बहुतेक बाळं पेंगतात. साखरपाण्याची चोखणी पुरते. कमी दिवसांच्या बाळाला रडतं म्हणून केटामीन (गुंगीचं औषध) दिलं, तर पूर्ण भुलीतला श्वास थांबण्याचा धोका परत आणलाच.

‘पूर्ण भूलच मागा’? सात देशांतल्या ७२२ बाळांवर दोन्ही भुलींची तुलना करणाऱ्या ‘गॅस’ नावाच्या चाचणीत पहिल्या अर्ध्या तासात श्वास थांबणं पाठीच्या भुलीत सुमारे १ टक्का होतं, पूर्ण भुलीत ३. नंतर तसा फरक उरला नाही. पाचव्या वर्षी बुद्ध्यांकही सारखाच निघाला. तेव्हा तासाभराच्या एका पूर्ण भुलीने मेंदू मंदावतो हा उलटा मेसेजही बाद. पाठीची भूल काहींना अपुरी पडते, लांबणाऱ्या ऑपरेशनला ती घेऊच नये. कमी दिवसांचं बाळ मात्र कुठल्याही भुलीनंतर रात्रभर मॉनिटरवर ठेवावं.