ज्याच्या टेंडरात माझी अक्षरं, त्यानेच माझी फी भरावी

डिसेंबर लागला की लंडनच्या इंजिनिअर्सच्या संस्थेचा मेल येतो, पुढच्या वर्षाच्या मेंबरशिपची वर्गणी एक जानेवारीला ड्यू आहे, कृपया भरावी. आणि मग आमच्याकडे तोच विषय सुरू होतो. नवरा म्हणतो सोड ना आता, झालं की नाव लावून. आई नाशिकहून व्हिडिओ कॉलवर विचारते, "एवढे पैसे भरतेस तर देतात काय ते लोक?" मासिक येतं म्हटल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा होता. रुपयांत पाच आकडी रक्कम होते हो, तिचंही चुकीचं नाही.

थोडं सांगते, कारण गल्फमधले बरेच इंजिनिअर मित्रमैत्रिणी हेच विचारतात. मी सातपूरची, शिक्षण नाशिकलाच, डिग्री पुणे विद्यापीठाची, सध्या सौदीत खोबरला एका डिझाइन ऑफिसात पायपिंग स्ट्रेसचं काम करते. म्हणजे रिफायनरीतला पाइप तापला की किती वाढतो, कुठे वाकतो, आणि वाकताना पंपाच्या नोझलला, म्हणजे पाइप जोडतात त्या तोंडाला, किती ढकलतो ते बघायचं. सासरी अजून समजतात मी प्लंबिंगमध्ये आहे, असो.

तर माझ्याकडे शिक्के आहेत तीन. पहिला सौदी कौन्सिल ऑफ इंजिनिअर्सचा, तिथे भरू की नको हा प्रश्नच नाही. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, मुहंदिस (अरबीत इंजिनिअर) लिहिलंय ना, मग रजिस्ट्रेशन चालू पाहिजे, नाहीतर इकामा रिन्यू होत नाही, विषय संपला. दुसरा आपल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचा, १९२० ची संस्था, हेड ऑफिस कोलकात्याला, नाशिकलाही सेंटर आहे. ती मेंबरशिप मी एकदाच पैसे भरून घेतली, दरवर्षीची कटकट नाही. आणि तिसरा लंडनच्या मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या इन्स्टिट्यूशनचा, १८४७ ला बर्मिंगहॅमला सुरू झालेली, पहिला अध्यक्ष रेल्वेवाला जॉर्ज स्टीफन्सन. त्यांच्याकडून मी चार्टर्ड इंजिनिअर झाले, नावापुढे सी.इंग. लागलं. सगळं घोडं अडलंय ते इथे.

गंमत अशी की सातपूरच्या एका कंपनीचा गेटपास जसा शेजारच्या कंपनीच्या गेटवर चालत नाही तसंच या शिक्क्यांचं आहे. माझ्या मामेभावाचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे, त्याने परदेशातून सेकंडहँड सीएनसी मशीन मागवलं. कस्टमला मशीनचं वय, कंडिशन, किंमत यावर चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं. याचा लगेच फोन, "ताई, तू चार्टर्ड आहेस ना, मग दे की सही करून, बाहेरच्याला कशाला पैसे देऊ." त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले. बाबा रे, तिथे चालतं ते आपल्या इन्स्टिट्यूशनचं चार्टर्ड सर्टिफिकेट, ते मेंबरशिपच्या वर वेगळा अर्ज करून मिळतं आणि मी घेतलेलं नाहीये, अन् दुसरं म्हणजे मशीन न्हावाशेवाला आणि मी खोबरला, न बघता सही कशी करू? त्याला अजून वाटतं मी भाव खाल्ला.

हा घोळ होतो कारण आपल्याकडे इंजिनिअरला देशभर लागू असं कायद्याने रजिस्ट्रेशनच नाही. डॉक्टरला आहे, वकिलाला आहे, सीएला आहे, आर्किटेक्टला तर १९७२ चा कायदा आहे, त्याशिवाय तो स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. इंजिनिअरसाठी मसुदे निघतात आणि कुठेतरी जिरतात. दर १५ सप्टेंबरला इंजिनिअर्स डे म्हणून विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो आपण (१८८४ ला मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत लागले तेव्हा त्यांची पहिली नेमणूक आपल्या नाशिकलाच होती, हे नाशिककरांनाही माहीत नसतं), पण कोण इंजिनिअर आणि कोण नाही हे अजून ठरवलेलं नाही. ब्रिटनमध्येही नुसतं इंजिनिअर कोणीही म्हणवून घेतो, बॉयलर दुरुस्त करायला येणारासुद्धा, पण चार्टर्ड इंजिनिअर हे नाव मात्र राखीव आहे, फी थांबली की लावता येत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

डिग्रीचं म्हणाल तर वॉशिंग्टन अकॉर्ड, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग डिग्र्या मान्य करण्याचा देशादेशांतला करार, त्यात भारत २०१४ ला आला, तोही एनबीएने (कोर्स तपासून मान्यता देणारी आपली संस्था) मान्यता दिलेल्या कोर्सपुरता. माझी डिग्री त्याच्या आधीची, त्यामुळे चार्टर्ड होताना मला सिलॅबसपासून सगळं वेगळं तपासून घ्यावं लागलं. २०१८ ला कुवेतने इंजिनिअरच्या परमिटसाठी हीच एनबीएची अट लावली तेव्हा आपल्या किती लोकांची झोप उडाली ते गल्फवाल्यांना आठवत असेल. चांगलं काम करणारे, अनुभवी लोक, आणि अडकले कशात, तर कॉलेजने कोणे एके काळी एक अर्ज केला होता की नाही त्यात.

आता मुद्द्यावर येते. लंडनची ही मेंबरशिप मला फालतू वाटत असती तर पोस्ट लिहिलीच नसती. चार्टर्डचा इंटरव्ह्यू हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला इंटरव्ह्यू होता. समोर दोन जण, दोघेही फील्डमधले, फॉर्म्युला एकाने विचारला नाही. विचारलं काय, तर तुम्ही कधी नाही म्हणालात का? मी एका कॉम्प्रेसरच्या सक्शन लाइनचं सांगितलं. नोझलवरचा लोड व्हेंडरच्या लिमिटच्या वर जात होता, शेड्यूल बोंबललेलं, वरचे म्हणत होते आत्ता रिलीज कर, साइटवर बघून घेतील. मी ड्रॉइंग अडवलं, रूटमध्ये एक लूप वाढवला, सपोर्ट हलवला, लोड खाली आला, तोपर्यंत मीटिंगमध्ये माझ्याशी कोणी धड बोलत नव्हतं. ते दोघं त्यावरच खोदत बसले, कोणाला मेल केला, लेखी काय दिलं, व्हेंडर नाहीच म्हणाला असता तर काय केलं असतं. आपल्या ऑफिसात अप्रेझलला हे कोण विचारतं हो? तिथे विचारतात ड्रॉइंग किती काढली. शिवाय या वर्षात नवीन काय शिकलात त्याची नोंद ठेवावी लागते, ते कधीही मागवून तपासू शकतात. कंटाळा येतो, पण त्या नादाने मी डिझाइनच्या नियमांचे दोन कोड नीट वाचून काढले, एरवी वाचले नसते.

पण मग पैसे कोणी भरायचे?

आधी कंपनी भरायची. यंदा एचआरचा मेल आला, खर्चकपात, प्रोफेशनल मेंबरशिप आता वैयक्तिक बाब समजली जाईल. ठीक आहे म्हटलं. आणि त्याच महिन्यात प्रपोजल टीमचा मेल, ताई नाही मॅडम, पण सूर तोच, नवीन बिड आहे, तुमचा सीव्ही अपडेट करून आजच पाठवा. जुना सीव्ही सोबत जोडलेला. उघडून बघितलं तर पहिल्या पानावर फोटो, त्याखाली माझं नाव आणि नावाला चिकटून ती अक्षरं, तीही बोल्ड केलेली. मी बोल्ड केली नव्हती. क्लायंटच्या शीटवर की पर्सोनेलच्या रकान्यात चार्टर्ड असेल तर प्राधान्य असं स्पष्ट लिहिलेलं. म्हणजे मार्क मिळवताना ती अक्षरं कंपनीची आणि बिल आलं की माझी वैयक्तिक बाब!

मी सरळ दोन ओळी लिहिल्या. फी एक जानेवारीला आहे, ती भरली नाही तर ती अक्षरं मला लावता येणार नाहीत आणि तुम्हालाही माझ्या नावापुढे छापता येणार नाहीत, तेव्हा कळवा, कोणता सीव्ही पाठवू. भांडण नाही, आदळआपट नाही. अजून उत्तर नाही, फक्त प्रपोजलवाल्या मुलाने हळूच फोन करून विचारलं की मॅडम, तोवर जुनाच वापरू का. नाही म्हटलं.

ज्यांची कंपनी बिडमध्ये नाव वापरते त्यांनी खिशातून एक पैसा भरू नये, हे माझं ठाम मत. ज्यांना दोनेक वर्षांत ब्रिटन, आयर्लंडकडे जायचंय त्यांनी मात्र मुकाट भरा, तुटू देऊ नका. सध्या नोकरी नाही किंवा बाळंतपणाचा ब्रेक आहे, त्यांनी सवलत मागा, कमी वर्गणीची सोय असते पण आपण विचारतच नाही. ब्रिटनमधल्या नोकरदारांना या वर्गणीवर टॅक्समध्ये सूट मिळते, आम्हाला सौदीत पगारावर टॅक्सच नाही तर सूट कसली घेणार. आणि सोडायचीच असेल तर गप्प बसून थकबाकी होऊ देऊ नका, रीतसर लेखी राजीनामा द्या, इंटरव्ह्यूचे रिपोर्ट आणि शिकल्याच्या नोंदी स्वतःकडे सेव्ह करून ठेवा, परत जायचं झालं तर तेच कामाला येतं.

माझं म्हणाल तर पुढची पाच वर्षं मला लंडनमध्ये दिसत नाहीत, नाशिकमध्ये दिसतात. इथलं काँट्रॅक्ट संपलं की परत यायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. तिथे सिन्नर, अंबड, सातपूरला जुन्या मशिनरीचं सर्टिफिकेट, ईपीसीजीचं (निर्यातीच्या अटीवर ड्यूटीत सवलत घेऊन मशीन आणायची सरकारी योजना) इन्स्टॉलेशन सर्टिफिकेट ही कामं आपल्या इन्स्टिट्यूशनच्या चार्टर्डवर चालतात, त्यामुळे तो अर्ज मी आधी भरणार आहे. लंडनचा राजीनामा ड्राफ्टमध्ये लिहून ठेवलाय, कंपनीला एकतीस डिसेंबरपर्यंत वेळ.

नाशिकमध्ये कोणी ही सर्टिफिकेटची कामं करत असेल तर प्लीज इनबॉक्स करा. फी किती घेता, कस्टमवाले किती दमवतात, प्रोफेशनल इन्शुरन्स काढलाय का, सगळं विचारायचंय. जानेवारीत सुट्टीवर येतेय, मिसळ माझ्याकडून. मामेभावाने कमेंट करू नये.