मॅडम, सर नाही आले का?

आज बँकेत गेले होते. सीसी लिमिटचं, म्हणजे धंद्यासाठीच्या कॅश क्रेडिट कर्जमर्यादेचं, रिन्यूअल. तीन वर्षांचे ताळेबंद, स्टॉक स्टेटमेंट, जीएसटीचे कागद, सगळं फायलीत क्रमाने लावून नेलेलं. समोरच्या मुलाने (मुलगाच तो, माझ्या थोरल्याच्या वयाचा) फाईल उघडलीसुद्धा नाही. आधी माझ्या मागे बघितलं, मग दाराकडे, आणि विचारलं, "मॅडम, सर नाही आले का?"

कुठले सर? सव्वीस वर्षं हार्डवेअरचं दुकान मी चालवतेय. पोरा, तू चालायला लागला नव्हतास तेव्हापासून मी खिळे तोलतेय.

परत येताना रिक्षा पुण्याच्या ससून हॉस्पिटलवरून आली आणि डोक्यात फरहा आली. फरहा ससून. इंग्रज तिला फ्लोरा म्हणत. ससून म्हटलं की आपल्याला हॉस्पिटल आठवतं, मुंबईकरांना मासळीचा धक्का आठवतो. जरा वाचणाऱ्याला काळाघोड्याची लायब्ररी. फार तर बगदादहून जीव वाचवून आलेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून, ज्यांची कबर आपल्या लाल देवळाच्या, म्हणजे पुण्यातल्या ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात आहे. ते १८६४ मध्ये पुण्यातच वारले. सगळं आजोबा, बाप, मुलगे. पेढी चालवणारी बाई कुणाला माहितीये?

ती १८५९ ची, मुंबईतली. डेव्हिड ससूनची पणती, आणि लग्न झालं त्याच डेव्हिडच्या मुलाशी, सॉलोमनशी. (नातं जोडत बसू नका, मीही कागदावर झाड काढून पाहिलं तेव्हा कळलं.) घरात ज्यू धर्मशास्त्राचे पंडित शिकवायला येत. हिब्रू, अरबी, हिंदुस्थानी, इंग्रजी, फ्रेंच, सगळं यायचं तिला. १८९४ मध्ये सॉलोमन वारला. ही पस्तिशीची, पदरात तीन मुलं. आणि ही उठली आणि पेढीवर जाऊन बसली.

आमची बार्शीची आत्या अशीच बसली होती. १९७४. आतोबा गेले, भुसाराचं दुकान होतं. तेराव्याचं जेवण झालं आणि धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही घर बघा, गल्ल्याचं आम्ही बघतो." आत्या काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिजोरीची किल्ली कमरेला खोचून गादीवर जाऊन बसली आणि रोजमेळ उघडला. व्यापारी यायचे, तिला ओलांडून आत बघायचे आणि विचारायचे, "मालक आहेत का?" ती मान वर न करता म्हणायची, "बोला."

फरहाला मुंबईच्या बाजारात कोणी काय विचारलं असेल ते मला कुठल्या पुस्तकात शोधायची गरज नाही. आज साडेअकराला मी ते माझ्या कानांनी ऐकलंय.

बरं, तिची पेढी म्हणजे काही आमचं हार्डवेअर नव्हे. कापूस, गिरण्या, चीनशी व्यापार, मुख्य कचेरी लंडनला आणि तिथे दीर मंडळी बसलेली. त्यात १८९६ ला मुंबईत प्लेग आला, लोक घरंदारं टाकून गावी पळाले. अशा वर्षांत ही बाई मुंबईची पेढी सांभाळत होती. सात वर्षं! आणि ते करून समाजाचंही बघत होती, देणग्या, गोरगरीब, सणवार सगळं. हाफकिन कॉलऱ्याची लस घेऊन आला तेव्हा लोक सुईला घाबरत होते, तर हिने आधी स्वतः टोचून घेतली. आपल्या परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचाच हाफकिन.

हो, अफू. माहितीये मला, कमेंटमध्ये लिहू नका. ससूनांचा पैसा अफूतून आला आणि तिच्या काळातही तो धंदा चालू होता. ते काही मी धुऊन काढत नाहीये. आणि या बगदादी श्रीमंतांनी आपल्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंना कधी बरोबरीने वागवलं नाही, हेही खरं. पण अफूचा हिशेब मागताना बाईचंच नाव बरं पटकन आठवतं. धक्क्यावर मासळी घेताना कुणी मागतं का हिशेब?

मला सगळ्यात आवडते ती एक गोष्ट. ज्यू लोकांत सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. जुन्या रीतीप्रमाणे त्या दहांत बाई मोजत नाहीत. मग ही काय करायची? प्रवासाला निघाली की दहा पुरुष बरोबर घेऊन निघायची! आपल्या खर्चाने. धर्माप्रमाणे जनावर कापणारा माणूसही बरोबर. तुम्ही मला मोजत नाही ना, बरं, मी तुम्हाला मोजून आणते. हे वाचलं तेव्हा मी दुकानात एकटीच हसले होते, गिऱ्हाईक बघत राहिलं.

१९०१ मध्ये पेढीची लिमिटेड कंपनी झाली आणि त्याच साली ती मुलांना घेऊन लंडनला गेली. धाकट्या मुलीच्या उपचारासाठी, असं सांगतात. असेलही. आईच होती ती. पण आमच्या आत्याच्या वेळीसुद्धा अकरा वर्षांनी भागीदारीचे नवे कागद झाले, त्यात तिचं नाव नव्हतं, आणि सगळे म्हणायचे, "वहिनींचे गुडघे दुखायचे म्हणून त्यांनीच सोडलं." गुडघे दुखत होते, खोटं नाही. ती त्यानंतर वीस वर्षं रोज संध्याकाळी चालत देवळात जात होती, एवढंच.

फरहा लंडनला जाऊन गप्प बसली नाही मात्र. घर सगळ्यांना उघडं, टेबलावर पाहुणे, आणि धर्मग्रंथांवर बोलायला लागली की भले भले रब्बी (ज्यूंचे धर्मगुरू) ऐकत. १९२४ मध्ये तिथल्या ज्यूज कॉलेजच्या, म्हणजे रब्बी घडवणाऱ्या संस्थेच्या, समारंभात भाषण केलं, तिथे बोलणारी पहिली बाई. मुलगा डेव्हिड जुन्या हिब्रू हस्तलिखितांचा मोठा संग्राहक झाला. १९३६ ला ती गेली.

आत्याचा रोजमेळ माझ्याकडे आहे. लाल कापडाचा, कडा उंदराने खाल्लेल्या. अक्षर असं की छापल्यासारखं, आणि कुठेही खाडाखोड नाही. रोज पहिल्या ओळीत "श्री" आणि शेवटी शिल्लक, पैशापर्यंत बरोबर. मघाशी चिडून काढला होता, आता तासभर नुसती पानं उलटतेय.

त्या मुलावरचा राग जरा उतरलाय. त्याला तरी कोणी शिकवलं असेल? पण उद्या अकराला परत बोलावलंय, आणि "जमलं तर सरांना आणा" असं सांगितलंय. आमचे सर शाळेत भूगोल शिकवतात. त्यांना सीसी म्हणजे मोटरसायकलचं इंजिन वाटतं. नेते त्यांना. बसवते बाजूच्या खुर्चीत.