आधी काय मोडेल? ('स्वस्त साधनं' या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

काटकसरीने स्वयंपाक करणाऱ्यांसाठी कोणती साधनं घ्यावीत, यावरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही, आणि का पटला नाही ते तुम्ही नीट मांडलंत. नाव लिहिलं नाहीत म्हणून नुसतं 'तुम्ही' म्हणतो, राग नसावा. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुम्ही लिहिता, "स्वस्तातलं घ्या हा सल्ला मुळातच फसवा आहे. हात आखडता घेऊन घेतलेली वस्तू वर्षभरात मोडते आणि गरिबाचा दुप्पट खर्च होतो. एकदाच घ्यावं, पण चांगलं घ्यावं." पुढे, "चांगली सुरी असली की चॉपर लागत नाही, हे धडधाकट मनगटाच्या माणसाचं बोलणं आहे." तिसरा आक्षेप असा की मी प्रेशर कुकरवर पैसे घालायला सांगतो, पण स्लो कुकर (तासन्‌तास मंद शिजवणारं विजेचं भांडं) त्याहून स्वस्त मिळतो आणि वीजही कमी खातो. आणि शेवटी जाता जाता, मिक्सर मोठ्याने घरघरतोय, भांड्यातलं पातं नीट फिरत नाही, तर नवा कोणता घेऊ?

पहिल्या मुद्द्यावर मी जागचा हलणार नाही. स्वस्त आणि टाकाऊ या दोन गोष्टी तुम्ही एकाच दावणीला बांधल्या आहेत. किमतीकडे बघण्याआधी मी एवढंच विचारतो: यातलं आधी काय मोडेल, आणि ते मोडलं तर तेवढंच बदलता येईल का? हा प्रश्न विचारला की बऱ्याच वस्तूंचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

चाळणी, चिमटा, लाकडी उलथनं, मापाचे चमचे यांत मोडण्यासारखं जवळजवळ काहीच नाही. तिथे जास्त पैसे देणं म्हणजे मुठीच्या रंगाला पैसे देणं. सालं काढायच्या सोलाण्याचंच बघा. स्वित्झर्लंडमध्ये 1947 साली आल्फ्रेड नेवेचेर्झाल यांनी 'रेक्स' नावाचं सोलाणं काढलं. वाकवलेली एक धातूची पट्टी आणि मध्ये डुलणारं पातं, बस्स. ते आजही विकलं जातं आणि 2004 मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. महागडी वस्तू ते कधीच नव्हतं. टिकलं ते त्यात बिघडायला जागा नाही म्हणून.

वजनकाट्याचंही तसंच. डिजिटल काट्याच्या पोटात धातूचा एक छोटा ठोकळा असतो. वजन पडलं की तो कणभर वाकतो आणि त्यावर चिकटवलेली पट्टी ते वाकणं मोजते. हे तंत्र इतकं जुनं आणि इतकं मुबलक झालंय की साध्या काट्यातही ते चोख चालतं. दुकानातच पारख करता येते. एखादी वस्तू आधी काट्याच्या मधोमध ठेवा, मग चारही कोपऱ्यांवर सरकवा. आकडा एक-दोन ग्रॅमहून जास्त हलला तर तो काटा घेऊ नका. मग वजन छापलेलं बंद पाकीट ठेवून बघा, पाकिटाचं स्वतःचं वजन धरून आकडा जुळायला हवा. पाच किलोपर्यंत तोलणारा, एका ग्रॅमची पायरी असलेला काटा घरी पुरतो. त्यावर फोनशी जोडायची सोय कशाला हवी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

जिथे उष्णता आणि दाब येतो तिथे मात्र माझा सूर बदलतो. मूळ लेखातही तसंच लिहिलं होतं, तो परिच्छेद तुमच्या नजरेतून सुटला असावा. प्रेशर कुकर हलक्या मालातला घेऊ नये. आत वातावरणाच्या वर साधारण एक बार दाब चढतो आणि पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. तो दाब झाकण, रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह यांच्या भरवशावर असतो. रिंग कडक होणार, चिरणार, हे ठरलेलंच आहे. म्हणून कुकर घेताना मी आधी विचारतो की याच मॉडेलची रिंग आणि व्हॉल्व्ह सुटे मिळतात का. दुकानदार "कुठलीही रिंग बसते हो" म्हणाला की मी पुढच्या दुकानात जातो.

आता 'एकदाच घ्या, चांगलं घ्या' याबद्दल. नॉनस्टिक तव्याला हा नियम लावून बघा. त्यावरचा थर साधारण 260 अंशांपुढे खराब व्हायला लागतो आणि रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवलं तर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. शिवाय घासणी आहे, उलथन्याचे ओरखडे आहेत. महाग थर थोडा जास्त तग धरेल, पण जाणार तोही. म्हणजे इथे 'चांगलं' घेऊनसुद्धा 'एकदाच' होत नाही. मी मधल्या किमतीचा, जाड बुडाचा घेतो, मंद-मध्यम आचेवरच वापरतो, आणि वाचलेले पैसे बिडाच्या किंवा बुडात अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या स्टीलच्या भांड्यात घालतो. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता कूर्मगतीने पसरते, अ‍ॅल्युमिनियममधून दहापटीहून अधिक सहज. म्हणूनच पातळ बुडाच्या स्टीलच्या भांड्यात मधोमध करपतं आणि कडेला कच्चं राहतं. तिथला जादा खर्च रोजच्या रोज वसूल होतो. इंडक्शन असेल तर खिशात एक चुंबक घेऊन जा. बुडाला घट्ट चिकटला तरच भांडं घ्या, मग वेष्टनावर काहीही छापलेलं असो.

आणि महाग वस्तू मोडत नाहीत असं थोडंच आहे? टचपॅनेल, बारा प्रकारचे 'प्रोग्राम', चकचकीत झाकण. त्या झाकणाची बोटभर खिटी तुटते आणि 'ती सुटी येत नाही, पूर्ण झाकण घ्यावं लागेल' असं ऐकायला मिळतं. गरिबाचा दुप्पट खर्च म्हणालात ना, तो इथे होतो.

मनगटाचा मुद्दा वेगळा आहे, आणि तिथे आपलं फारसं वाकडं नाही. सुरी मी पहिली वस्तू म्हणून सुचवली होती, एकमेव म्हणून नाही. हात दुखणाऱ्यांची साधनं म्हणजे लाड नव्हेत. 1990 मध्ये 'ऑक्सो' कंपनीने जाड, मऊ रबरी मुठीची हत्यारं बाजारात आणली, ती सॅम फार्बर यांना आपल्या पत्नीची सांधेदुखीने झालेली पंचाईत दिसली म्हणून. नंतर दुखणं नसलेल्यांनीही ती उचलून धरली, कारण जाड मूठ सगळ्यांनाच बरी वाटते. आज त्या धर्तीची जाड मुठीची सोलाणी साध्या मालातही मिळतात. सांधे दुखत असतील तर बाकी काही घेण्याआधी असं सोलाणं घ्या.

चॉपर घ्यायचाच तर कोणता? दोरी ओढायचा चॉपर मला अशा हातांसाठी बरा वाटतो, कारण ओढताना जोर खांद्यातून आणि कोपरातून येतो, बोटांच्या चिमटीत येत नाही. त्याचा कमकुवत भाग म्हणजे झाकणातली दोरी आणि ती गुंडाळणारी स्प्रिंग. कांद्याच्या अख्ख्या फोडी गळ्यापर्यंत भरल्या की पातं अडतं, आपण हिसका देतो आणि दोरी तुटते. म्हणून फोडी लहान करा, भांडं निम्म्याहून कमी भरा आणि पहिले दोन-तीन झटके अर्धेच ओढा. बुडाला रबर नसलेला घेऊ नका, नाहीतर एका हाताने भांडं दाबून धरण्यातच दुसरं मनगट धरेल. कांदा चिरला न जाता ठेचला जाऊन पाणी सुटायला लागलं की पातं बोथट झालं असं समजा. हीच परीक्षा सुरीलाही लावा. बोथट सुरीला जोर जास्त लागतो, आणि मनगट दुखतं ते बऱ्याचदा त्या जोराने. साधारण 1000 ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचं माप) धार लावायचा एक दगड घरात असेल तर साधी सुरीही वर्षानुवर्षं कामाची राहते. दगड धरणं हाताला जमत नसेल तर धार लावून देणाऱ्याकडे द्या.

स्लो कुकर. वॅटचा आकडा लहान दिसतो खरा, पण तास कोणी मोजायचे? 200 वॅटचं भांडं आठ तास पूर्ण क्षमतेने चाललं तर 1.6 युनिट वीज जाते. 1800 वॅटच्या इंडक्शन शेगडीवर प्रेशर कुकर अर्धा तास पूर्ण आचेवर ठेवला तरी 0.9 युनिट होतात, आणि दाब चढल्यावर आच कमी करतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. स्लो कुकर सोयीचा आहे, लक्ष द्यावं लागत नाही, हे मान्य. पण वीज वाचते म्हणून घेत असाल तर आधी गुणाकार करा.

त्यात एक धोकाही आहे. वाळलेला राजमा थेट स्लो कुकरमध्ये घालू नका. त्यात फायटोहेमॅग्लुटिनिन नावाचं नैसर्गिक विष असतं. सणसणीत उकळी आल्याशिवाय ते निष्प्रभ होत नाही, आणि 80 अंशांच्या आसपास अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही जास्त त्रासदायक ठरू शकतो. उलट्या आणि जुलाब काही तासांत सुरू होतात. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळून उकळा. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन 30 मिनिटं उकळायला सांगतं. त्यानंतर हवं तर स्लो कुकरमध्ये घाला.

आता तुमचा मिक्सर. नवा कोणता हे मी आज सांगणार नाही, कारण नवा लागेल असं मला वाटत नाही. प्लग काढा. भांडं उचलून उलटं धरा आणि खालची चकती बोटाने फिरवा. अडखळत, खरखरत फिरली तर भांड्याचा बुश (पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी) गेलाय. भांड्याखाली काळपट पाणी झिरपत असेल तर नक्कीच तोच. भांडं दुरुस्तीला द्या, मोटरला हात लावायचं कारण नाही. चकती सहज फिरली तर मोटरवरचा कपलर बघा, म्हणजे भांडं ज्यात अडकतं ती दातेरी चकती. दाते गोल झिजले असतील किंवा एखादा उडाला असेल तर घरघरही तिचीच आणि पातं न फिरणंही तिच्यामुळेच. तो भाग मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, मोटरवर ताण येण्याआधी त्याने झिजावं म्हणून. खालून मोटरचा दांडा अडकवून धरायचा आणि पातं ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने कपलर फिरवायचा. आटे असे असतात की मोटर चालताना तो आवळला जातो, त्यामुळे नेहमीच्या सवयीने उलटीकडे जोर लावाल तर आणखी घट्ट बसेल.

दोन्ही ठीक असतील, पण मोटरच्या फटीतून जास्त ठिणग्या दिसत असतील आणि जळका वास येत असेल, तर बहुधा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे) झिजलेत. तेही सुटे मिळतात, फक्त ते दुरुस्ती करणाऱ्याकडूनच बसवून घ्या. आणि मिक्सर अजिबातच सुरू होत नसेल तर सगळ्यात आधी बुडाशी असलेलं छोटं बटण दाबून बघा. भार जास्त झाला की ते उडतं, पुष्कळांना ते तिथे आहे हेच ठाऊक नसतं.

कपलरचे दाते कसे दिसतात ते इथेच खाली लिहा. फोटो टाकता आला तर उत्तम, मोटरच्या बुडावरच्या पट्टीचा टाकलात तर मॉडेलही कळेल.