उजव्या हाताचा जबाब

पक्षाघातातून उठल्यापासून माझ्या उजव्या हाताची वरचेवर परीक्षा होते, आणि त्या परीक्षेत तो जितका हुशार ठरतो तितका घरी अजिबात नसतो. एका मिनिटात जमतील तितके लाकडी ठोकळे मधल्या फळीवरून पलीकडे टाकायचे असतात. थेरपिस्टबाई स्टॉपवॉच घेऊन बसल्या की हा हात, वर्षभर उनाडक्या करून तोंडी परीक्षेला भांग पाडून आलेल्या विद्यार्थ्यासारखा, अदबीने कामाला लागतो. नऊ भोकांत नऊ खुंट्या बसवताना दोन खाली पडल्या खऱ्या, पण तो दोष मी खुंट्यांच्या गुळगुळीतपणाला दिला.

खरी पंचाईत केली ती प्रश्नावलीने. हाताला काय जमते ते ठोकळे सांगतात. घरी तो प्रत्यक्ष काय करतो हे विचारायला ‘मोटर अ‍ॅक्टिव्हिटी लॉग’ नावाची 30 कामांची यादी असते. प्रत्येक कामाला हात किती वापरला आणि कसा चालला, असे दोनदा शून्य ते पाच गुण द्यायचे, आणि तेही रुग्णाने स्वतः. मी सढळ हाताने, अर्थात डाव्या, गुण वाटू लागलो.

“दाराची मूठ फिरवणे?”

“चार.”

“नळ उघडणे?”

“साडेतीन,” मी म्हणालो, कारण अर्धा गुण चालतो आणि अपूर्णांकात थापही हिशेबी वाटते. केस विंचरण्याच्या प्रश्नावर बाईंनी माझ्या टकलाकडे पाहून स्वतःच “लागू नाही” असे लिहिले. निर्विवाद खरे असे तेवढे एकच उत्तर होते.

“अहो, नळ तुम्ही डाव्या हाताने उघडता,” शेजारून सौभाग्यवती म्हणाल्या.

बाई मात्र रागावल्या नाहीत. सुरुवातीला दुबळ्या हाताची धडपड फसते, चांगल्या हाताने काम उरकते, म्हणून मेंदू दुबळ्याला विचारणेच सोडतो, आणि पुढे बळ आले तरी ती सवय सुटत नाही, असे त्यांनी समजावले. आळसही शिकावा लागतो, हे मला तेव्हा कळले. पुढच्या वेळी दोन्ही मनगटांवर हालचाल मोजणारी यंत्रे बांधणार होते; चालताना हेलकावणारा हातही त्यात मोजला जातो असे समजताच मी मनातल्या मनात घरातल्या फेऱ्यांचे वेळापत्रक आखले.

मुठीचे चार गुण तरी खरे करावेत म्हणून निघताना मी उजवा हात निर्धाराने पुढे केला. पण तो मुठीपर्यंत पोहोचण्याआधीच सौभाग्यवतींनी नेहमीच्या सवयीने दार उघडून धरले होते. मागे बाई “दुसऱ्याने करून दिले” असे लिहीत होत्या, आणि या खेपेला ओशाळण्याची पाळी माझी नव्हती.