पोट्ट्याले विलायतेले धाडा, पाना देऊ नका

समजा, तुम्ही 1904 सालचं इंग्रज सरकार आहात. (हसू नका. आपल्याकडे पानठेल्यावर बसलेला प्रत्येक जण रोज तासभर सरकारच असतो.) वऱ्हाडातल्या कापसाच्या गाठी गाडीत भरून मुंबईला, तिथून बोटीनं विलायतेला चालल्यात. आणि आता इथली शिकलेली मंडळी म्हणू लागलीत, की आमच्या पोरांनाही यंत्रं शिकवा. नाही म्हणणं बरं दिसत नाही, हो म्हणणं परवडत नाही. घाबरू नका. विलायतेला जाऊन तंत्रशिक्षण घ्यायची शिष्यवृत्ती काढा.

रक्कम घसघशीत ठेवा : वर्षाला 150 पौंड. पैशात कंजुषी केली तर लोक ओरडतात. कारखान्याचं दार बंद ठेवलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

पोरगं निवडताना मात्र डोळ्यांत तेल घाला. बी. ए. झालेला, कोऱ्या धोतराचा, इंग्रजीत अर्ज लिहिणारा घ्या. जिनिंगमधल्या, म्हणजे रेच्यांवर कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या, मिस्त्र्याच्या पोराकडे बघूसुद्धा नका. दारव्ह्याकडच्या एका जिनिंगात असा एक म्हातारा मिस्त्री मी पाहिलाय. चहाची बशी ओठाशी नेता नेता थांबायचा, मान तिरपी करायचा आणि म्हणायचा, "तिसऱ्या रेच्याचं बेरिंग कोरडं पडलं, तेल टाक बे." बशी खाली न ठेवता! असल्या घरातलं पोट्टं पाठवलं तर ते खरंच शिकून येईल. उगाच जोखीम कशाला?

पोरगं कारखान्याच्या फाटकाशी पोचलं, की पुढचं काम आपोआप होतं. मालक म्हणेल, आज याला शिकवलं आणि उद्या यानं आमचंच गिऱ्हाईक तोडलं तर? तुम्ही खांदे उडवा. खाजगी कंपनी, सरकार काय करणार! आपल्या रेल्वेची इंजिनं त्याच देशातल्या कारखान्यांतून येतात, हे त्या वेळी आठवू नका. 'ऑर्डर हवी तर हिंदुस्थानी उमेदवार शिकायला घ्या' एवढी एक ओळ कंत्राटात घालता आली असती. ती सुचायला 1920 नंतरचा काळ उजाडला तरी चालतो.

तोवर विलायतेत शिकणाऱ्या आपल्या पोरांवर समित्या आहेतच. 1913 मध्ये मॉरिसन साहेबांचा अहवाल, 1922 मध्ये लिटन साहेबांचा. पोरगं फाटकाबाहेर तिष्ठत असेल, तर त्याच्या तिष्ठण्याची बारकाईनं नोंद घ्या. परत आलं, की गंभीर चेहऱ्यानं विचारा : प्रत्यक्ष कामाचा अनुभव आहे का?

एक गोष्ट तेवढी सांभाळा. 1921 साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन आपल्या शकुंतलेला, म्हणजे वऱ्हाडातल्या छोट्या रेल्वेगाडीला, जुंपलं गेलं आणि यवतमाळ-मूर्तिजापूर करत 1994 पर्यंत धावलं. सत्तर वर्षांत त्याचं काय काय झिजलं, निखळलं, फुटलं असेल! ते मूर्तिजापूरच्या शेडमधल्या ज्या हातांनी पुन्हा पुन्हा उभं केलं, त्यांना कोणी बोटीत बसवलं नव्हतं. त्या फिटरांची नावं फायलीत येऊ देऊ नका. आणि कोणी विचारलंच, "हे शिकले कुठी बाप्पा?" तर समिती नेमा.